पीएसपीवरची लारा: उडी मारायच्या आधी बघायचं कुठून?

भरतीओहोटी

लारा क्रॉफ्टचा 'टूम रेडर: ॲनिव्हर्सरी' पीएसपीवर, म्हणजे सोनीच्या त्या हातात धरायच्या मशीनवर, खेळलेलं इथं कोणी आहे का? पीएस२ आणि पीसीवाले चिक्कार भेटतात, पीएसपीवाले क्वचित. म्हणून धागा काढतोय.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ 'टूम रेडर' १९९६चा, इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइनचा. दहा वर्षं होत आली तेव्हा तो नव्याने करायचं घाटत होतं, आणि कोअर डिझाइनने तो चक्क पीएसपीसाठीच करायला घेतला होता. २००६ मध्ये ते काम रद्द झालं. रीमेक गेला अमेरिकेतल्या क्रिस्टल डायनॅमिक्सकडे, आणि २००७ मध्ये 'ॲनिव्हर्सरी' आला. त्याची पीएसपी आवृत्ती बझ मंकी सॉफ्टवेअरने बांधली. म्हणजे हातातल्या मशीनसाठी जो रीमेक जन्माला यायचा होता तो पोटातच गेला, आणि मोठ्या मशीनसाठी झालेला रीमेक हातातल्या मशीनमध्ये बसवला गेला. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

आता अनुभव. मी सध्या वेंगुर्ल्याला घरी. आषाढात आमच्याकडे लाईटचा काही नेम नसतो, त्यामुळे टीव्हीला जोडायची मशीनं शोभेची. आतेभावाने मुंबईहून येताना त्याची जुनी पीएसपी आणून दिली, त्यात हा गेम. पेरूच्या गुहा मजेत गेल्या. लॉस्ट व्हॅलीतला टी-रेक्ससुद्धा पाडला. अडकलो ते ग्रीसमध्ये, सेंट फ्रान्सिस फॉलीला. खेळलेल्यांना आठवत असेल, उभ्या विहिरीसारखी प्रचंड जागा, कडेने कठडे, खांब, आणि वेगवेगळ्या उंचीवर दमोक्लिस, ॲटलस, पोसायडन, हेफेस्टस यांच्या नावाच्या खोल्या.

पीएसपीचा पडदा ४८० बाय २७२. रुंदी भरपूर, उंची बेताची. गेम सगळा उभा आणि पडदा आडवा! खालचा कठडा बघायचा तर कॅमेरा खाली वळवायला हवा, आणि कॅमेऱ्यासाठी पीएस२च्या रिमोटवर जी अंगठ्याने फिरवायची दुसरी काडी असते ती इथं नाही. एकच नब (अंगठ्याने सरकवायची चकती), तो लाराला पळवण्यात गुंतलेला. मग बटण दाबून धर, बघ, सोड, चाल, परत दाब. एवढं करून उडी मारावी तर ती कोपऱ्याकडे तिरकी जाते आणि बाई खाली.

माझं म्हणणं एवढंच की कसरतीच्या गेममध्ये ग्राफिक्स कमी केले तर चालतं, आवाज कापला तरी चालतं, पण बघण्याची सोय कापली की गेमचा कणाच जातो. कोणाला वेगळं वाटतं का?

रातांबा

मला वेगळं वाटतं. पूर्ण वेगळं.

मी हा गेम देवगड ते कोल्हापूर एसटीत खेळलोय, गगनबावड्याच्या घाटात सुद्धा (उलटी झाली नाही, हे विशेष). हातातल्या गेमचा खरा कस कॅमेऱ्यात लागत नाही, तो लागतो थांबवण्यात. पीएसपीचं ते उजवीकडचं सरकतं बटण वर ढकललं की मशीन झोपतं, परत ढकललं की लारा त्याच कठड्याला लटकलेली. स्टँड आलं, उतरलो, चहा घेतला, पुढच्या गाडीत बसून तिथून पुढे. पीएस२ वर हे करून दाखवा.

शिवाय 'ॲनिव्हर्सरी'त चेकपॉइंट (मेल्यावर जिथून परत सुरू होतं त्या जागा) इतके जवळजवळ आहेत की पडलात तरी दोन-चार उड्या मागे जाता, बस. मूळ गेम प्लेस्टेशनवर खेळलेल्यांना विचारा. तिथं निळे क्रिस्टल सापडतील तिथंच सेव्ह व्हायचं. क्रिस्टलच्या दहा पावलं आधी मेलात की गेली अर्धी दुपार.

बाकी फॉलीला मीही पडलो, पण तिथं सगळेच पडतात हो. ती पडायचीच जागा आहे.

सोल्डरवाला

धागाकर्ते, "उडी कोपऱ्याकडे तिरकी जाते" हे वाचून हात शिवशिवले. ती तक्रार गेमची कशावरून? नबची असू शकते.

कुडाळात मोबाईल दुरुस्ती करतो, अधूनमधून असली जुनी मशीनं येतात. पीएसपीचा नब तारांनी जोडलेला नसतो. त्याच्या बुडाशी काळ्या रबराचा बारकासा तुकडा असतो, त्यातून वीज जाते, आणि तो बोर्डावरच्या सोनेरी ठिपक्यांवर नुसता दाबून बसलेला असतो. आपल्याकडची खारी दमट हवा त्या फटीत शिरली की ठिपक्यांवर मळकट थर चढतो. मग नब मध्ये सोडला तरी मशीनला वाटतं तो थोडा डावीकडे आहे. चालताना हे जाणवत नाही, कारण आपण नकळत अंगठ्याने सावरून घेतो. उडीला मात्र लगेच कळतं.

तपासायचं असेल तर लाराला मोकळ्या जागेत उभी करून अंगठा पूर्ण काढा. ती एक पाऊलही सरकली तर नब गेला समजा. उघडता येत असेल तर रबर आणि ठिपके आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, कापूस नको, तंतू राहतात. कानकोरणीला चष्म्याचं फडकं गुंडाळून पुसा. आणि पूर्ण कोरडं झाल्याशिवाय बंद करू नका. पावसाळ्यात हे "पूर्ण कोरडं" प्रकरण अवघड असतं. मी तांदळाच्या डब्यात वगैरे ठेवत नाही, साधा टेबललॅम्प लावतो.

भरतीओहोटी

@सोल्डरवाला, आत्ताच बघितलं. अंगठा काढला की बाई ढिम्म उभ्या. नब ठणठणीत आहे. पण माहिती कामाची, आभार.

@रातांबा, झोपेच्या बटणाबद्दल शंभर टक्के सहमत. पण ते श्रेय मशीनचं, गेमचं नाही.

जुनी_डिस्केट

रत्नागिरीहून. वय विचारू नका, डॉसवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळलेल्या पिढीतला आहे.

धागाकर्त्यांनी बोट बरोबर ठेवलंय, पण कारण अर्धंच सांगितलंय. दुसरी काडी नाही म्हणून उड्या चुकतात असं म्हणता, तर मूळ १९९६च्या गेमलाही दुसरी काडी नव्हती. तेव्हा प्लेस्टेशनच्या रिमोटवर एकसुद्धा काडी नव्हती! तरी लोकांनी तो उड्या मारमारून संपवला. कसा?

मूळ गेमचं सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं होतं. प्रत्येक ठोकळा एका मापाचा, आणि लाराच्या उड्याही त्या मापाला बांधलेल्या. उभ्या जागेवरून उडी मारली तर एक चौकोन पार. धावत मारली तर दोन. धावत मारून पलीकडची कड हाताने पकडली तर तीन. संपलं. चालण्याचं बटण दाबून कडेपर्यंत जायचं (ते दाबलेलं असताना ती कडेवरून पडत नसे), एक उडी मागे घ्यायची, की धावायला नेमकी लागते तेवढी जागा मिळायची. मग पुढे आणि उडी. ज्याला हे जमलं तो डोळे मिटून मारायचा. दरी किती मोठी दिसते याला काही अर्थ नव्हता. चौकोन किती, एवढंच मोजायचं.

आणि दुसरी गोष्ट, जी जास्त महत्त्वाची. तिथं 'पुढे' म्हणजे लाराच्या पुढे. कॅमेरा भिंतीत घुसो नाहीतर छताला चिकटो, पुढचं बटण दाबलं की ती नाकासमोर जाणार. 'ॲनिव्हर्सरी'त ठोकळे गेले, आणि 'पुढे' म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढे झालं. दोन काड्या हातात असतील तर हे फार छान, एक काडी चालायला, एक बघायला. पण एकदा दिशा कॅमेऱ्यावर टांगली आणि मग कॅमेऱ्याचीच काडी काढून घेतली, की उडी तिरकी जाणारच. तो नबचा दोष नाही आणि तुमच्या अंगठ्याचाही नाही.

म्हणून म्हणतो, जुन्या पद्धतीचा गेम हातातल्या मशीनला जास्त सोयीचा होता. नोकियाच्या एन-गेजवर २००३ मध्ये मूळ 'टूम रेडर' आला होता. पडदा काडेपेटीएवढा, बटणं फोनची. चौकोन मोजता येत होते म्हणून तो निदान खेळता तरी येत होता.

बांगडाफ्राय

काकांना दंडवत. वाचनखूण साठवली.

चिवल्या

बाबानू, माका एक सांगा. बारक्या मशीनवर ह्या थ्रीडीचा झंगाट कित्याक व्हया? गेमबॉय कलरवर २००० साली लारा इली होती, कोअर डिझाइननच केल्यानी. बाजूसून दिसणारी. पडदो इवलोसो, पण लारा केदी मोठी आणि काय तिचा चालणा! कॅमेऱ्याचा नाव नाय. खड्डो समोर दिसता, उडी मार नायतर मर. तशीच गेमबॉय ॲडव्हान्सवर २००३ ची 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम'. मोठ्या मशीनवर थ्रीडी, हयसर बाजूसून. कोणाचा काय बिघाडला?

मोठ्या होडयेचा शीड बारक्या पातीक लावलास तर ती कलंडतलीच.

रातांबा

@चिवल्या, मग तो रीमेक कुठं राहिला? तो नावापुरता भाऊबंद. सेंट फ्रान्सिस फॉली बाजूने दाखवली तर ती नुसती शिडी होईल. वर उभं राहून खाली बघितल्यावर पोटात जो गोळा येतो त्यासाठीच तर तो लेव्हल आहे.

चिवल्या

गोळो येता, पण खाली दिसणा खंय? धागाकर्त्याचा रडगाणा ताच ना! :)

अप_डाऊन_पुणे

मूळचा चिपळूणचा, पोटासाठी पुण्यात. गेम टेस्टिंगमध्ये काही वर्षं काढली आहेत, म्हणून दोन पैसे.

मोठ्या मशीनवरचा गेम पीएसपीवर आणताना पहिली मारामारी मेमरीची असते. पहिल्या पीएसपीत ३२ एमबी रॅम, आणि त्यातलीही सगळी गेमच्या वाट्याला येत नाही. पीएस२ मध्ये ३२ एमबी रॅम आणि चित्रासाठी वेगळी ४ एमबी, पीएसपीत चित्रासाठी २ एमबी. आकडे ऐकायला जवळजवळचे वाटतात, पण पीएस२ वर जो लेव्हल काठोकाठ भरलेला असतो तो इथं सांडतो. मग पोत (वस्तूंवर चिकटवलेली चित्रं) लहान करा, लांबचं दृश्य कापा, लेव्हलचे तुकडे पाडून मध्ये लोडिंग घाला. वर ती यूएमडी, म्हणजे पीएसपीची छोटी डिस्क, गर्रर्र करून फिरणारी, मंद आणि बॅटरी खाणारी.

प्रोसेसरचंही तसंच. पीएसपीची चिप ३३३ मेगाहर्ट्झची, पण बॅटरी टिकावी म्हणून सोनीने गेमवाल्यांना सुरुवातीला २२२ वरच ठेवलं होतं. ती मर्यादा उठली २००७ च्या मध्यात, म्हणजे 'ॲनिव्हर्सरी' येत होता तेव्हाच.

सांगायचा मुद्दा असा की या सगळ्या ओढाताणीत नियंत्रणं अगदी शेवटी येतात. आधी गेम चालला पाहिजे, मग पळाला पाहिजे, मग डिस्कवर मावला पाहिजे, आणि मग कोणीतरी विचारतं की दुसऱ्या काडीचं काय करायचं? तोपर्यंत तारीख डोक्यावर आलेली असते. म्हणून मला बांधणाऱ्यांची दया येते. @जुनी_डिस्केट म्हणतात तशी दिशा लारावर आणायची तर प्रत्येक लेव्हल पुन्हा मोजावा लागला असता, कारण 'ॲनिव्हर्सरी'तले कठडे चौकोनांच्या मापाने ठेवलेलेच नाहीत.

अवांतर: रीमेकचा विषय निघालाच आहे तर, 'सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा तो युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. मे २०२२ मध्ये तो माँट्रियलकडे गेला. हा पुण्याचा स्टुडिओ मूळचा गेमलॉफ्टचा, २००८ मध्ये युबीसॉफ्टने घेतला. फोनवरचे गेम करणाऱ्या माणसांची जागा ती. त्या रीमेकच्या पहिल्या झलकेवर नेटवर जे तुटून पडले होते त्यांनी एकदा तरी एखादा गेम एका मशीनवरून दुसऱ्यावर नेऊन बघावा.

बांगडाफ्राय

फोनवर पीपीएसएसपीपी (पीएसपीची नक्कल करणारं ॲप) टाकून खेळलं तर कॅमेऱ्याचा प्रश्न सुटतो का? माझ्याकडे ब्लूटूथ रिमोट आहे, दोन काड्यांचा.

अप_डाऊन_पुणे

@बांगडाफ्राय, अर्धवट. गेममध्ये कॅमेरा फिरवायची जी बटणं आहेत ती तुम्ही उजव्या काडीला जोडू शकता. सोनीच्या नंतरच्या व्हिटा मशीनवरही डाउनलोड केलेल्या पीएसपी गेमना असं करता येतं. अंगठ्याची कसरत वाचते. पण गेमच्या दृष्टीने ती बटणंच राहतात. हळू ढकललं तर हळू, जोरात तर जोरात, असं होत नाही. चित्र मात्र फोनवर बरंच स्वच्छ दिसतं, रेझोल्यूशन वाढवता येतं.

पडद्यावरच्या टच बटणांनी खेळायच्या भानगडीत पडू नका. घामेजलेल्या बोटांनी तर नकोच.

भरतीओहोटी

@जुनी_डिस्केट, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री मुद्दाम तपासलं. फॉलीच्या खांबांवर, जिथं लारा एका पायावर तोल सावरत उभी राहते, तिथं उडी मारण्याआधी नब पूर्ण सोडला, कॅमेरा आपसूक तिच्या मागे येऊन थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि मग सरळ पुढे ढकलून उडी. बसली! पुढच्या खांबावर तेच. तिरकी उडी टाळायची. दोन सरळ उड्यांनी जाता येत असेल तर दोन मारायच्या. कॅमेरा आपणहून कुठं येतो ते ओळखून तिथूनच खेळायचं. वेग मेला, पण पडणं जवळपास थांबलं.

एका हाताने लटकते तेव्हाचं बटण मात्र विसरून चालत नाही, तिथं वाट पाहत बसलात तर हात सुटतो.

आणि हूक! मूळ गेममध्ये नव्हता तो. त्याने भिंतीवरून झोके घेत पळायचं. तिथं कॅमेरा बहुतेक वेळा बाजूला येतो, @चिवल्या म्हणतात तसा. खरं सांगतो, पीएसपीवर सगळ्यात सुखाचे तुकडे तेच. बाजूने दिसतं, रुंद पडदा कामी येतो, लाराचा वेग दिसतो.

चिवल्या

बघ! मी काय सांगी होतंय?

रातांबा

बाजूने दिसतं म्हणून नव्हे, तिथं उडीची दिशा आधीच ठरलेली असते म्हणून. झोका घेताना तुम्हाला फक्त कधी सोडायचं ते ठरवायचं असतं, कुठं ते नाही. सोपं करून ठेवलंय ते. मला तर तिथंच कंटाळा येतो. त्यापेक्षा फॉलीत पडून मरणं बरं.

जुनी_डिस्केट

रातांबा आणि चिवल्या, तुम्ही दोघं भांडताय ते १९८९ पासूनचं भांडण आहे. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं, आणि त्यावरून एकेक चौकट उतरवून 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा राजपुत्र केला. बाजूने दिसणारा. पण तिथंही उडी तुमच्या मर्जीची नव्हती. पाऊल पुढे पडलेलं असेल तर ते पूर्ण पडल्यावरच उडी निघायची, कारण माणूस तसाच उडतो. ॲपल टूच्या १२८ केबीच्या मशीनवर हे बसवलं त्याने. आमच्या क्लासमध्ये एका बॅचला तासभर कॉम्प्युटर मिळायचा, आणि गेममध्येही राजकन्येला सोडवायला साठच मिनिटं. मास्तर दार ठोठावायला आले की राजपुत्र बिचारा टोकेरी सळ्यांवर.

मूळचा 'टूम रेडर' त्याच घराण्यातला. मापाची उडी, मोजून टाकलेलं पाऊल. २०२४ च्या रीमास्टरमध्ये पहिले तीन भाग निन्टेंडोच्या स्विचवरही आलेत, आणि त्यात जुनं-नवं दोन्ही नियंत्रण ठेवलंय. स्विचला दोन काड्या आहेत, तरी मी जुनंच लावून खेळतो. नव्यात लाराला कडेशी नेमकं सरळ उभं करताना माझी त्रेधा उडते.

कोळंबीभात

अवांतर विचारतो, असला एखादा गेम आपल्या जलदुर्गांवर का नसावा? सिंधुदुर्गाचा महादरवाजा बघा. कुरटे बेटाकडे होडीतून येताना समोर नुसता तट दिसतो, दरवाजा बुरुजांच्या आड असा वळवून बांधलाय की जवळ गेल्याशिवाय कळतच नाही. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव. लेव्हल तयारच आहे.

जुनी_डिस्केट

@कोळंबीभात, कल्पना झकास. पण तो दरवाजा बांधणाऱ्याने मुद्दाम शत्रूला दिसू नये म्हणून लपवला. गेमवाल्याने तसं केलं तर आधी आपल्याला होडी सगळ्या बाजूंनी फिरवून बघायची मुभा द्यायला हवी. नाहीतर परत हाच धागा निघेल.

रातांबा

आणि तटावर चढायला हूक नको. हातानेच चढू दे.

बांगडाफ्राय

@भरतीओहोटी, ती खांबावरची युक्ती आज फोनवर करून पाहिली, दोन काड्यांचा रिमोट लावून. दमोक्लिसच्या खोलीपर्यंत पोचलो. आता वरून तलवारी पडतायत. यासाठीही काही युक्ती आहे का, की इथं नशीबच?

भरतीओहोटी

@बांगडाफ्राय, तलवारींना पाडायला तुमच्या पावलाचं निमित्त लागतं. एक पाऊल पुढे टाकून लगेच मागे या, पडू द्या त्यांना, मग जा. आणि तिथं कॅमेरा वर वळवायला विसरू नका. तुमच्याकडे काडी आहे, वापरा की!